मोठ्या रायफलीची काडतुसं घरी भरायला प्रेस कुठली घ्यावी? (मुलगा मोंटानात, मी कुपवाडात)

कुपवाडचा_टूलरूम

नमस्कार मंडळी.

कुपवाड एमआयडीसीत टूलरूममध्ये ३१ वर्षं झाली. पंच, डाय, साचे, प्रेस यातच आयुष्य गेलं. मुलगा अमेरिकेत मोंटानात असतो, ग्रीन कार्ड आहे. तिथल्या मित्रांच्या संगतीनं त्याला लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद लागला. परवान्याचं, कायद्याचं सगळं नीट करून दोन रायफली घेतल्यात. एक .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि दुसरी .३३८ लापुआ मॅग्नम. दुसरी खास हजार यार्डांवरच्या नेमासाठी.

अडचण अशी की .३३८ चं एकेक काडतूस पाच-सात डॉलरला पडतं. रेंजवर एक सकाळ गेली की महिन्याचा किराणा उडाला. म्हणून तिकडची मंडळी उडवलेली पितळी पुंगळी जपून ठेवतात आणि घरीच पुन्हा भरतात. पुंगळी डायमध्ये दाबून मापात आणायची, बुडातली जुनी टोपी (दारू पेटवणारी, प्राइमर) काढून नवी बसवायची, दारू भरायची, वर गोळी दाबायची. हे सगळं एका छोट्या हातप्रेसवर होतं. मुलानं फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही जन्मभर प्रेसवर काम केलंत, मला प्रेस निवडून द्या." पोरानं इतक्या वर्षांत माझ्या कामातलं काही विचारायची ही पहिलीच वेळ, म्हणून मनापासून करायचंय.

फोटो बघितले. एक बिडाची चौकट, एक दट्ट्या, एक हँडल, हँडल आणि दट्ट्या जोडणाऱ्या दोन लिंका. वाटलं, एवढंच आहे तर आपणच का करू नये? पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करून बीड ओतून घेतो, दट्ट्या ग्राइंड करतो, डाय पण हार्डन करून इथूनच पाठवतो. कुणी केलंय का असं? आणि विकतच घ्यायची झाली तर काय बघून घ्यावी?

अपशिंगेकर_सुभेदार

टूलरूम साहेब, आधी एक सांगतो, मग बाकीचं. हे इथं बनवायला घेऊ नका. पॅटर्नसुद्धा करू नका.

मी फौजेत २४ वर्षं आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो. आमच्या अपशिंग्यात घरटी एक फौजी, त्यामुळं हत्याराचं कौतुक मला शिकवायला नको. पण सिव्हिलमध्ये काडतूस बनवणं हा फार गंभीर गुन्हा आहे आणि त्यात "मला माहीत नव्हतं" चालत नाही. आपल्या धाग्यावर वकील ताई आहेत, त्या कलमानिशी सांगतील.

विश्रामबाग_वकील

सुभेदार काकांचं बरोबर आहे. सविस्तर लिहिते, कारण हा मुद्दा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या आहे. आपल्याला वाटतं दारूगोळा म्हणजे भरलेलं काडतूस. व्याख्या त्याहून पुष्कळ रुंद आहे. दारूगोळ्याचे सुटे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्री हेही त्याच शब्दात येतं. म्हणजे तुमच्या टूलरूममध्ये तयार झालेली ती प्रेस आणि ती डाय कायद्याच्या नजरेत लोखंडाचा जॉब राहत नाही, ती स्वतःच दारूगोळा ठरू शकते. कलम ५ प्रमाणे हे तयार करणं, विकणं, दुसऱ्याला देणं, दुरुस्त करणं, या सगळ्याला परवाना लागतो. कलम २५ मध्ये शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

आणखी एक. मुलाला म्हणाल, "चार रिकाम्या पुंगळ्या बॅगेत घालून आण, बघतो पितळ कसं आहे." तेही नको. पुंगळी रिकामी असली तरी ती काडतुसाचाच भाग. विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसली की पुढचं सगळं कोर्टात निस्तरावं लागतं. माझ्याकडं एक कुटुंब आलं होतं. नातवानं परदेशातल्या रेंजवरून 'आठवण' म्हणून उचललेली एक गोष्ट आजोबांच्या बॅगेत निघाली. पुढची तपशीलवार कथा सांगत नाही, पण त्या आजोबांचे हेलपाटे मी बघितलेत.

मुलगा तिथं राहतो, तिथला कायदा परवानगी देतो, तर त्यानं तिथंच विकत घ्यावी आणि तिथंच वापरावी. तुम्ही इथून डोकं द्या, हात नको.

कुपवाडचा_टूलरूम

ताई, सुभेदार साहेब, हात जोडून आभार. मला खरंच कल्पना नव्हती. काल पॅटर्नवाल्याला फोन करणार होतो. तो विषय संपला. मुलगा तिथंच घेईल.

आता राहिला निवडीचा प्रश्न. तिकडं राहणारं कुणी आहे का, जे स्वतः हे करतं?

कृष्णाकाठ_ते_कोलोरॅडो

काका, मी आहे. मूळचा औदुंबरजवळचा, १६ वर्षं कोलोरॅडोत. ११ वर्षं काडतुसं घरी भरतोय, त्यात .३०-०६, .३७५ एच अँड एच आणि गेली ४ वर्षं .३३८ लापुआ.

आधी इथल्या आपल्या मुलांसाठी एक ओळ. स्वतःच्या वापरासाठी भरायला इथं केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला भरलं तर लागतो. मात्र जे एच-वन-बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत, त्यांना बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायलाच सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. तुमच्या मुलाचं ग्रीन कार्ड आहे, त्याला ही अट नाही. पण हा धागा वाचून कुणी व्हिसावरचा मित्र उत्साहानं दुकानात जायला नको. शिवाय राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, ते ज्यानं त्यानं बघावेत.

आता प्रेस. बाजारात तीन जाती. पहिली सिंगल स्टेज: एका वेळी एक डाय, एक काम. सगळ्या पुंगळ्या एका डायमधून काढायच्या, मग डाय बदलायची. दुसरी टरेट: वर फिरती तबकडी, तिच्यात चार-पाच डाय लावून ठेवायच्या, तबकडी फिरवली की पुढचं काम. तिसरी प्रोग्रेसिव्ह: हँडल एकदा ओढलं की सगळ्या टप्प्यांवर एकदम काम होतं आणि दर ओढीला एक तयार काडतूस खाली पडतं. पिस्तुलवाले तासाला शेकड्यानं भरतात ते याच्यावर.

मोठ्या रायफलीला सिंगल स्टेज. यावर मी वाद घालत नाही. .३३८ ची महिन्याला चाळीस-पन्नास काडतुसं भरायची असतात. घाई कसली? आणि एकेक पुंगळी हातात घेऊन, बघून, तोलून भरायची सवय प्रोग्रेसिव्हवर लागत नाही.

आता आकार. तुमच्यासारख्या माणसाला मापं दिली की पुढचं तुम्हीच ओळखाल:

.३०८ विंचेस्टरची पुंगळी ५१ मि.मी. लांब, तयार काडतूस ७१. .३०-०६ ची पुंगळी ६३, काडतूस ८५ च्या आत. .३०० विंचेस्टर मॅग्नमची पुंगळी साडेसहासष्ट. .३७५ एच अँड एच, जी १९१२ सालापासून चालत आलीय, तिची ७२ आणि काडतूस ९१. .३३८ लापुआची पुंगळी ६९, काडतूस साडेत्र्याण्णव. आणि सगळ्यांचा बाप .५० बीएमजी (ब्राउनिंग मशीनगनचं काडतूस), ९९ ची पुंगळी आणि १३८ चं काडतूस.

लोक दुकानात प्रेसचं तोंड बघतात आणि तयार काडतूस मावतंय ना एवढंच तपासतात. चूक तिथंच होते. गोळी बसवताना ती पुंगळीच्या तोंडावर अख्खी उभी असते, आत गेलेली नसते. .३३८ ची जड गोळी ४० मि.मी. च्या पुढं लांब. ६९ ची पुंगळी अधिक वरची गोळी, म्हणजे ११० च्या घरात उंची. त्यात डायचा खालचा भाग चौकटीच्या आत उतरलेला असतो, आणि गोळी धरायला आपली दोन बोटंही तिथंच. माझी पहिली प्रेस .३०-०६ ला झकास होती. .३३८ ला गोळी आधी डायच्या पोटात सरकवून, खाली अंगठा लावून, पुंगळी हळूच वर आणावी लागायची. दर पन्नासात दोन-तीनदा अंगठा चेमटायचा.

दुसरं माप आट्यांचं. जवळपास सगळ्या डाय ७/८ इंची, १४ आट्यांच्या असतात, त्यामुळं कुणाचीही डाय कुणाच्याही प्रेसवर बसते. पण .५० बीएमजीच्या डाय याहून जाड, सव्वा किंवा दीड इंची, १२ आट्यांच्या. म्हणून काही मोठ्या प्रेसच्या डोक्यात सव्वा इंची, १२ आट्यांचं भोक असतं आणि त्यात ७/८ चं बुश बसवलेलं असतं. बुश काढलं की सव्वा इंची डाय बसते. .३३८ ला याची गरज नाही. पण ज्या चौकटीत एवढं मोठं भोक पाडूनही कडेला भरपूर बीड शिल्लक राहतं, ती चौकट दणकट असणार हे तुम्हाला सांगायला नको.

पाटणचा_शेतकरी

मधीच इचारतो, राग नका मानू. आमच्याकडं डोंगराकडंच्या शिवारात रानडुकरं भुईमूग ठेवंनात. माझ्याकडं परवान्याची बारा बोअर हाय. काडतुसाचा दर तुमाला ठावं हायच. रिकाम्या नळ्या घरात पोत्यानं पडल्यात. त्या भरून मिळत्यात का कुठं? माझ्या आज्याची ठासणीची होती, त्यो सोताच दारू भरायचा.

अपशिंगेकर_सुभेदार

दादा, राग कसला. पण नाही. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीत दारू नळीत ओतून, वर छर्रे ठासायचे, तो त्या हत्याराचा वापर झाला. काडतूस भरणं म्हणजे काडतूस बनवणं, आणि वकील ताईंनी वर लिहिलंय तेच तिथं लागू होतं. परवान्यावर जेवढ्या काडतुसांची मर्यादा लिहिलीय तेवढीच, आणि परवानाधारक दुकानदाराकडूनच, पावती घेऊन. कुणी गावात "मी भरून देतो" म्हणत असेल तर त्याच्या दारातही उभं राहू नका. तुमचा परवाना जाईल आणि नळी फुटली तर हात जाईल. डुकरांसाठी वनखात्याकडं नुकसानीचा अर्ज करा, त्याला हयगय करू नका.

पाटणचा_शेतकरी

समजलं साहेब. अर्ज करतो.

कुपवाडचा_टूलरूम

कोलोरॅडोकर, तुम्ही मापं दिलीत आणि मी रात्री दीडपर्यंत वहीत रेघोट्या मारत बसलो. मला जे दिसलं ते मांडतो, चुकत असेल तर सांगा.

चौकट. आमच्याकडं पॉवर प्रेसमध्ये सी-फ्रेम आणि एच-फ्रेम असा भेद. सी-फ्रेमला समोरून तिन्ही बाजूंनी हात घालता येतो, काम भराभर होतं, पण टनेज वाढलं की प्रेस 'तोंड उघडते'. वरचा जबडा मागं कलतो आणि पंच डायमध्ये तिरका शिरतो. पातळ पत्र्याला चालून जातं, जाड पत्र्याला एका बाजूला बर (धारदार कड) येते. तुमच्या या हातप्रेसमध्येही काही सी आकाराच्या आहेत आणि काही ओ आकाराच्या, म्हणजे चारी बाजूंनी बंद. .३३८ ची पुंगळी बुडाशी १५ मि.मी. जाड आणि अंगानं लांब. तिला पूर्ण डायमध्ये ओढायचं म्हणजे डायच्या भिंतीला घासणारं क्षेत्रफळ .३०८ च्या दीडपटीहून जास्त. जोर त्याच हिशेबानं वाढणार. मग सी-फ्रेम नको. बंद चौकट, आणि बिडाची. ॲल्युमिनियमच्या स्वस्त चौकटी मुलानं दाखवल्या होत्या, त्या मी त्याला बाजूला ठेवायला सांगितल्या.

लिंक. हे मला सगळ्यात आवडलं. फ्लाय प्रेसमध्ये (हातानं फिरवायची स्क्रूची प्रेस) जोर फिरत्या जड गोळ्याच्या वजनातून आणि स्क्रूमधून येतो. इथं दोन लिंका एका रेषेत येत जातात तसा जोर वाढत जातो. हँडल वर असताना दट्ट्या भराभर सरकतो आणि जोर कमी असतो. हँडल खाली येत जातं तसा दट्ट्या सावकाश होतो आणि जोर कितीतरी पट होतो. पुंगळीलाही अगदी असाच जोर लागतो. सुरुवातीला मान (पुंगळीचं गोळी धरणारं अरुंद तोंड) शिरते तेव्हा काही विशेष नाही, शेवटच्या सुतात जाड बूड डायमध्ये शिरतं तेव्हा खरा रेटा. यंत्राचा जोर आणि जॉबची मागणी एकाच जागी येतात. ज्यानं हे पहिल्यांदा जमवलं त्याला माझा नमस्कार.

स्प्रिंग. कितीही जाड चौकट घ्या, थोडी ताणतेच. लिंकेच्या पिनातला खेळ, दट्ट्याच्या बुशातला खेळ, टेबलाचं वाकणं, सगळं मिळून शेवटी दट्ट्या ठरल्या जागेच्या किंचित खालीच थांबतो. मग पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) पाहिजे तेवढा मागं जात नाही. ओळखायचं कसं, यावर मी विचार करत होतो. मुलाला म्हटलं, मित्राच्या प्रेसवर एक गोष्ट करून बघ. रिकामा दट्ट्या वर नेऊन पुंगळीचा धारक डायच्या बुडाला टेकेपर्यंत डाय आवळ. मग खरी पुंगळी घालून हँडल पूर्ण खाली ओढ आणि मागून टॉर्च मार. धारक आणि डाय यांच्यामधून उजेड येतो का बघ.

त्यानं केलं. .३०० ला उजेड नाही. .३३८ ला केसाएवढी उजेडाची रेघ. रिकाम्या प्रेसवर टेकत होतं, भारावर टेकलं नाही. तेवढी प्रेस ताणली.

कृष्णाकाठ_ते_कोलोरॅडो

काका, तुम्ही न बघता बरोबर तिथं पोचलात. इथले जुने लोक हीच उजेडाची रेघ बघतात.

फक्त एक जोडा. रेघ दिसली की लोक डाय आणखी अर्धा आटा खाली घेतात आणि खांदा गरजेपेक्षा जास्त मागं ढकलतात. मग पुंगळी चेंबरमध्ये (रायफलीतलं काडतूस बसायचं घर) सैल बसते, उडवताना मागं ताणली जाते, आणि दोन-तीन खेपांत बुडाच्या जरा वर पितळ पातळ होऊन तिथं चिरते. म्हणून उडवलेल्या पुंगळीचा खांदा आधी मोजायचा आणि त्यापासून फक्त एक-दोन हजारांश इंच मागं घ्यायचा. मुलाला व्हर्नियरला लावायचं खांद्याचं गेज घ्यायला सांगा, प्रेसच्या आधी.

रेंजवाली

मी पॉइंट टू-टू नेमबाजी करते, सांगलीतूनच सराव सुरू केला. पॅरिसला स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटरमध्ये २०२४ साली कांस्य आणलं तेव्हापासून आमच्या बॅचला भलता हुरूप आहे. मला विचारायचंय, आमची .२२ ची काडतुसं अशी पुन्हा का भरत नाहीत? कुठल्याच देशात कुणी भरताना दिसत नाही.

अपशिंगेकर_सुभेदार

बाळ, तुझ्या .२२ ला वेगळी टोपी नसते. भडकणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, त्या घडीच्या आत भरलेला असतो. घोडा कडेवर आपटतो, कड चेपते आणि मसाला पेटतो. एकदा कड चेपली की संपलं. मोठ्या रायफलीत बुडाच्या मध्यभागी खळगा असतो, त्यात टोपी वेगळी दाबून बसवलेली असते, म्हणून ती काढून नवी घालता येते.

त्यातही दोन पद्धती आहेत. बॉक्सर पद्धतीत खळग्याच्या मधोमध एकच भोक, डायमधल्या सुईनं टोपी आतून ढकलून निघते. बर्डन पद्धतीत बाजूला दोन बारीक भोकं आणि मधे ऐरण, तिथं सुई घातली तर सुईच मोडते. बॉक्सर इंग्रज होता आणि त्याची पद्धत अमेरिकेनं उचलली, बर्डन अमेरिकन होता आणि त्याची युरोपनं. टूलरूम साहेब, मुलाला सांगा, रेंजवर पडलेल्या परक्या पुंगळ्या उचलू नकोस. स्वतःच्या रायफलीतून स्वतः उडवलेल्याच भर.

धागा_पाहणारा (संपादक)

चर्चा उत्तम चालली आहे. एक विनंती: दारूचं वजन, दारूचा प्रकार अशी भरण्याची मापं इथं कुणी लिहू नयेत. ती निर्मात्यांच्या छापील पुस्तिकेतूनच घ्यायची असतात. यंत्रावर बोलत राहा.

कृष्णाकाठ_ते_कोलोरॅडो

मान्य, आणि योग्यच.

काका, नावं घेऊन बोलू. आरसीबीएसची रॉक चकर घराघरात आहे. मूळची कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलची कंपनी. आरसीबीएस म्हणजे रॉक चक बुलेट स्वेज, रॉक चक हा तिकडचा मोठ्या घुशीसारखा प्राणी आणि त्याच्या शिकारीच्या गोळ्या दाबायच्या डायपासून त्यांची सुरुवात. बिडाची, बंद चौकट. वडिलांची प्रेस मुलगा वापरतोय अशी घरं मी बघितलीत. रेडिंगची अल्ट्रामॅग खास लांब मॅग्नम काडतुसांसाठी, तिची लिंक चौकटीला खालून न ढकलता वरच्या टोकापासून ओढते. महाग आहे. ली कंपनीची क्लासिक कास्ट, स्वस्तातली, पण चौकट बिडाची आणि डोक्यात सव्वा इंची भोक. फॉर्स्टरची को-ॲक्स अचूकतेसाठी नावाजलेली, तिच्यात डाय आट्यांनी न आवळता खाचेत सरकवतात.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे मुलाची टळेल. पहिल्याच वर्षी .३७५ ची पुंगळी डायमध्ये अडकली. वंगण लावलं होतं, पण घाईत दहापैकी एकीला पुसट लागलं. हँडल खाली गेलं, वर येईना. मी दोन्ही हातांनी हिसका दिला. धारकानं पुंगळीची कड फाडून काढली आणि पुंगळी आतच. रात्री अकराला बायको दारात उभी, मी घामाघूम. शेवटी पुंगळीच्या बुडाला ड्रिल मारलं, पाव इंची आटे पाडले, वर जाड वॉशर आणि बोल्ट लावून हळूहळू आवळत ओढली. निघाली. डाय वाचली.

वंगण लोकरीच्या मेणाचं, म्हणजे लॅनोलिनचं, बोटांवर घेऊन प्रत्येक पुंगळीच्या अंगाला पातळ चोळायचं. खांद्याला नाही. खांद्याला जास्त लागलं की तेल दाबलं जाऊन तिथं खळगा पडतो.

कुपवाडचा_टूलरूम

कड फाटली हे वाचून पोटात गोळा आला. डीप ड्रॉइंगला (पत्र्यातून खोल कप ओढताना) वंगण विसरलं तर पंचावर कप चिकटतो, तेच दुखणं.

पितळाबद्दल थोडं. ही पुंगळी ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताच्या पितळाची असते, आमच्याकडं पेपरात त्याला कार्ट्रिज ब्रासच म्हणतात. दर वेळी फुगते, दर वेळी डाय तिला दाबते, आणि ठोकलेल्या भांड्यासारखी कडक होत जाते. तांबट भांडं मधेमधे तापवून मऊ करतो तसंच इथं मान तापवतात ना?

कृष्णाकाठ_ते_कोलोरॅडो

हो, फक्त मान आणि खांदा, दोन-चार खेपांनंतर. बूड कधीच तापवायचं नाही. बूड मऊ झालं तर चेंबरमधला दाब तिथंच फुटतो, आणि तिथून वीतभरावर आपला चेहरा असतो.

अपशिंगेकर_सुभेदार

त्या बुडाचीच एक परीक्षा सांगतो. कागदाला लावायची तारेची क्लिप सरळ करा, टोकाला बारीक काटकोन करा, टोक घासून अणकुचीदार करा. पुंगळीच्या तोंडातून आत घालून बुडापासून भिंतीवर वर-वर ओढत या. भिंत आतून पातळ झाली असेल तर टोक खाचेत अडकल्यासारखं थांबतं. बाहेरून त्याच जागी चमकदार रेघ दिसते. अशी पुंगळी भरायची नाही. मॅग्नमला तर दर खेपेला हे करावं.

कुपवाडचा_टूलरूम

मंडळी, आठ महिन्यांनी लिहितोय. सध्या मोंटानात मुलाकडं आहे. बाहेर बर्फ, आत गॅरेजमध्ये शेगडी.

आम्ही ली क्लासिक कास्ट घेतली. कारण सांगतो. दुकानात तीन प्रेस बघितल्या, तिन्ही चांगल्या. माझ्या खिशात डायल गेज होतं, दुकानदार म्हातारा होता, त्यानं आनंदानं लावू दिलं. तिन्हींच्या दट्ट्यातला खेळ कामापुरता ठीक होता. फरक दिसला टोपीच्या राखेत. टोपी काढली की तिच्याबरोबर काळी कचकच पडते. ती काचेच्या भुकटीसारखी झिजवते, आणि बाकीच्या दोन्ही प्रेसमध्ये ती थोडीफार दट्ट्यावर सांडताना मी बघितली. दट्ट्यावर पडलेली कचकच बुशात जाणारच. ज्या मशीनच्या स्लाइडवर घाण पडते ती मशीन म्हातारी लवकर होते, हे मी ३१ वर्षं बघतोय. क्लासिक कास्टचा दट्ट्या पोकळ आहे, जुनी टोपी त्याच्या पोटातून सरळ खाली नळीत जाते. दट्ट्या स्वच्छ. जाडीही सव्वा इंचाच्या थोडी आत, भरभक्कम. स्वस्त पडली म्हणून उरलेल्या पैशात खांद्याचं गेज आणि चांगला तराजू आला.

टेबलाचं मात्र आमचं चुकलं. मुलानं प्रेस प्लायवूडच्या टेबलाला स्क्रूनं बसवली होती. पहिली .३३८ ची पुंगळी घातली, हँडल ओढलं, तर टेबलाची मागची बाजू जमिनीवरून उचलली. प्रेस कितीही कडक असली तरी टेबल वाकलं की सगळं गेलं. मग दोन दिवस घालवले. तीन इंची लाकडाची फळी, खाली लोखंडी पट्टी, चौकटीतून आरपार बोल्ट, टेबल भिंतीच्या खांबांना जखडलं. नंतर टॉर्च मारून बघितलं. उजेडाची रेघ नाही.

हँडल मी स्वतः एकदाही ओढलं नाही. मुलाचं हत्यार, मुलाचा हक्क. मी शेजारी स्टुलावर बसून पुंगळ्यांना वंगण चोळत होतो आणि तो ओढत होता. शेवटच्या सुतात बूड शिरताना त्याच्या मनगटावर ताण दिसायचा आणि मग एकदम सुटल्यासारखं व्हायचं. पहिल्या वीस पुंगळ्यांचे खांदे मोजून वहीत लिहिलेत.

कृष्णाकाठ_ते_कोलोरॅडो

काका, वाचून फार बरं वाटलं. प्रेसच्या तोंडात पुंगळीवर गोळी उभी राहते ना नीट?

कुपवाडचा_टूलरूम

राहते. दोन बोटं आरामात जातात, अंगठा शाबूत आहे.

अपशिंगेकर_सुभेदार

त्या वीस पुंगळ्या आतून तारेनं बघितल्या का?

कुपवाडचा_टूलरूम

बघितल्या साहेब. आधी दुसऱ्या रायफलीतून उडवलेल्या, मित्रानं दिलेल्या दोन होत्या, त्या दोन्हींत तार अडकली. तुम्ही सांगूनही पोरानं परक्या घेतल्याच होत्या. मुलानं वाइसमध्ये घालून दोन्ही चपट्या केल्या आणि भंगारच्या डब्यात टाकल्या. बाकीच्या अठरा ठीक आहेत.